मरीन ड्राइव्हची कातरवेळ तैलरंगात: पाणी काळे का पडते?

तैलरंगी:
नरिमन पॉइंटच्या टोकाशी उभे राहून गिरगाव चौपाटी आणि मलबार हिलकडे पाहताना दिव्यांची जी कमान दिसते, ती मी तीन महिन्यांपासून १८ बाय २४ इंचांच्या कॅनव्हासवर रंगवत आहे. आकाश बऱ्यापैकी साधते. पाणी मात्र डांबरासारखे दिसते आणि दिवे टिकल्या चिकटवल्यासारखे. पाण्यासाठी आयव्हरी ब्लॅक व प्रशियन ब्लू, तर दिव्यांसाठी टायटॅनियम व्हाइटमध्ये थोडा कॅडमियम यलो वापरतो. सूर्यास्तानंतर सुमारे २५ मिनिटांत उजेड संपत असल्याने उरलेले काम घरी फोटोवरून करावे लागते. चूक नेमकी कुठे होत असावी?

जुना ईझल:
मला संशय फोटोचाच येतो. दिव्यांना सांभाळताना कॅमेरा पाणी काळ्यात बुडवतो आणि तरीही दिवे पांढरेफटक करतो; आपल्या डोळ्यांना मात्र तेच पाणी निळसर करडे दिसत असते, कारण आकाशात उरलेला उजेड ते परत देत असते. काळी ट्यूब काही दिवस बाजूला ठेवून अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर यांच्या मिश्रणातून गडद छटा करून पाहा. ती हवी तशी निळ्याकडे किंवा तपकिरीकडे झुकवता येते.

दिवा उजळ दिसतो तो पांढऱ्या रंगामुळे नव्हे, तर भोवतालच्या मध्यम छटेमुळे. भोवतीचा रंग ओला असतानाच त्यात नारिंगीसर वलय मिसळून घ्यावे आणि मधला लहानसा ठिपका सर्वांत शेवटी द्यावा. प्रतिबिंब दिव्यापेक्षा किंचित मंद ठेवावे. लाटांमुळे त्याचा उभा पट्टा लांबतो. तो दूरवर सलग वाटतो, जवळ येताना मात्र आडव्या तुकड्यांत फुटत जातो. पट्टीने ओढल्यासारखी सरळ रेघ आली की पाण्याची काच झालीच म्हणून समजा. (माझी अशी तीन चित्रे माळ्यावर पडून आहेत.)

निळी छटा:
वेळेच्या अडचणीवर अमेरिकी चित्रकार व्हिसलरने १८७० च्या दशकात लंडनमध्ये थेम्स नदीची रात्रचित्रे रंगवताना काढलेला मार्ग उपयोगी पडेल. तो काठावर उभा राहून दृश्य मनात साठवत असे आणि स्टुडिओत परतल्यावर अतिशय पातळ केलेल्या तैलरंगात स्मरणातून चित्र रंगवत असे. आपण २५ मिनिटे रंगवण्याऐवजी केवळ पाहण्यात घालवावीत, पोस्टकार्डाएवढ्या कागदावर आकाश, डोंगर आणि पाणी यांच्या तीनच छटा टिपाव्यात आणि फोटो फक्त इमारतींच्या रेषांपुरता वापरावा. शिवाय मे महिन्यात सूर्य मलबार हिलच्या टोकाकडे झुकून मावळतो, तर डिसेंबरमध्ये बराच दक्षिणेला, उघड्या समुद्रावर. तीन महिन्यांच्या निरीक्षणांची एकाच चित्रात सरमिसळ झाली असेल, तर आकाश आणि पाणी एकमेकांशी बोलणार नाहीत.

तैलरंगी:
सरमिसळ झाली आहे, हे मान्य करतो. आणखी एक शंका: वाळल्यावर गडद भाग निस्तेज, फिकट दिसतात, त्यावर पुन्हा गडद थर द्यावा का?

जुना ईझल:
नको. खालच्या थराने तेल शोषून घेतल्यामुळे तो भाग निस्तेज दिसतो. रंग बदललेला नसतो. चित्र स्पर्शाला कोरडे झाल्यावर जवसाच्या तेलात थोडे टर्पेंटाइन मिसळून त्या भागावर अगदी पातळ हात फिरवावा, उरलेले तेल कापडाने टिपून घ्यावे आणि मगच छटेचा निर्णय करावा.