चॉकलेटसोबत गरमच हवं
कोणीतरी डार्क चॉकलेटसोबत थंडगार कोल्ड कॉफी बेस्ट म्हटलंय, मला नाही पटत. चॉकलेटमधलं कोको बटर (कोकोच्या बियांतली चरबी) साधारण ३४ डिग्री सेल्सियसला वितळतं, म्हणजे तोंडातल्या उबेतच, आणि त्यावर बर्फाळ काही प्यायलं की ते जिभेवर मेणासारखं थिजतं, चव कळतच नाही. त्यापेक्षा ७० टक्के कोकोवाल्या डार्क चॉकलेटचा तुकडा जिभेवर ठेवायचा, चावायचा नाही, कडा मऊ झाल्या की बिनसाखरेच्या गरम फिल्टर कॉफीचा घोट, अहाहा! मिल्क चॉकलेटला मात्र कडक चहा, तोही कमी गोड. आणि इटलीत तूरिनला बिचेरिन मिळतं, छोट्या ग्लासात एस्प्रेसो, घट्ट हॉट चॉकलेट, वर क्रीम, ते ढवळायचं नाही, थर तसेच प्यायचे. घरी कराच, फक्त क्रीम थंड असू द्या आणि चमच्यावरून हळूच सोडा.