रसायन कारखाना येतोय. गावच्या विहिरीची आत्ताच कोणती नोंद करावी?

प्रश्न: नळयोजनेच्या विहिरीपासून दीड किलोमीटरवर, एमआयडीसीच्या बाहेर, कारखाना प्रस्तावित आहे. जनसुनावणीची नोटीस निघाली. पाण्याचा पुरावा कसा जमवायचा?

उत्तर १: कारखान्याआधीची नोंद नसेल तर ‘पाणी आधीपासूनच असं होतं’ या दाव्याला तोंड देता येत नाही. पावसाळ्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा नमुने घ्या. बोअर असेल तर साचलेलं पाणी उपसा आणि टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मीटरचा आकडा स्थिरावल्यावरच बाटली भरा. धातूंची बाटली वेगळी हवी. तिच्यात नायट्रिक आम्ल घालून सामू (पीएच, आम्लतेचं माप) 2 च्या खाली आणतात, नाहीतर धातू बाटलीच्या आतल्या बाजूला चिकटतात आणि अहवाल खोटाच स्वच्छ येतो. आम्ल प्रयोगशाळेकडूनच घ्या. प्रत्येक वेळी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांसमोर (पूर्वीचे ग्रामसेवक) पंचनामा कराच.

उत्तर २: नुसत्या टीडीएसवर विसंबू नका. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार (आयएस 10500) लिटरमागे शिसं 0.01 आणि क्रोमियम 0.05 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. एवढ्याशा प्रमाणाने टीडीएसचा आकडा हलतसुद्धा नाही.

उत्तर ३: नोटिशीपासून हरकतीसाठी किमान 30 दिवस मिळतात. ईआयएचा (कारखान्याच्या पर्यावरणावरील परिणामांच्या अहवालाचा) मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा जिल्हा परिषदेत बघा. तुमची विहीर नकाशावर आहे का? भूजलाच्या वाहण्याची दिशा दाखवली आहे का? अनेक मसुदे इथेच कच्चे असतात. हरकत लेखी द्या, पोच घ्या. सुनावणीच्या शेवटी मुद्दे मराठीत वाचून दाखवायचे असतात. आपला मुद्दा गाळला असेल तर तिथेच उठून सांगा. पर्यावरण मंजुरी मिळालीच तर राष्ट्रीय हरित लवादात (पर्यावरणाच्या खटल्यांसाठीचं न्यायाधिकरण) अपिलाला 30 दिवसच असतात. सबळ कारण दाखवलं तर आणखी 60 पर्यंत.