विषय: आई-बाबांना घेऊन आरव्ही कॅम्पिंग – बे एरियापासून (सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरापासून) जवळच्या जागा

प्रेषक: सनीव्हेलचे एक सभासद

सप्रेम नमस्कार मंडळी,

माझे आई-बाबा येत्या सप्टेंबरात साताऱ्याहून आमच्याकडे येत आहेत. बाबांचे वय ७४ असून त्यांचे गुडघे दुखतात आणि आईला रात्री दोन-तीन वेळा उठावे लागते, त्यामुळे तंबूत राहणे त्यांना शक्य नाही. परंतु बाबांनी उमेदीची सारी वर्षे कास आणि महाबळेश्वरच्या रानांत पायी भटकण्यात घालवली आहेत. गाडीच्या काचेतून डोंगर दाखवून त्यांचे समाधान होणार नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून ३० फुटांचे मोटरहोम (आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली मोठी गाडी, म्हणजेच आरव्ही) भाड्याने घ्यावे आणि चार रात्रींत हाफ मून बेचा समुद्रकिनारा, योसेमिटीचे राष्ट्रीय उद्यान आणि टाहोचा तलाव असा फेरा करावा, असे आमच्या मनात आहे. आम्ही दोघे, दोन मुले आणि आई-बाबा मिळून सहा जण आहोत. यापूर्वी आरव्ही कधी चालवलेली नाही. वेगळा परवाना लागतो का, स्वयंपाकाचे काय करावे आणि हा बेत जमण्याजोगा आहे का, हे अनुभवी सभासदांनी कृपया सांगावे.

———

प्रेषक: फ्रीमाँटचे एक सभासद

नमस्कार,

आपले पत्र वाचून राहवले नाही, कारण नऊ वर्षांपूर्वी माझे आई-वडील आले असताना मी जवळपास हाच बेत आखला होता आणि तो पहिल्याच संध्याकाळी कोलमडला. मोठी गाडी म्हणजे वडीलधाऱ्यांना अधिक आराम, असे समजून मी आधी ३२ फुटांचे मोटरहोम ठरवले आणि जागा नंतर शोधली. रेडवुडच्या, म्हणजे इथल्या अतिउंच झाडांच्या, एका उद्यानात पोहोचलो, तेव्हा तेथील लांबीची मर्यादा आमच्या गाडीपेक्षा कमी असल्याचे रेंजरने शांतपणे दाखवून दिले. ती मर्यादा आरक्षणाच्या पानावर स्पष्ट लिहिलेली होती. मीच ती वाचली नव्हती. त्या अंधारात वळणावळणाच्या रस्त्याने परत उतरताना आईने धरलेला माझ्या खांद्याचा आधार मला अजून आठवतो. म्हणून माझे पहिले आणि सर्वांत आग्रहाचे सांगणे हे, की आधी जागा ठरवा आणि त्या जागेत मावेल तेवढीच गाडी घ्या. आपल्याकडच्या उद्यानांतील अनेक जागा मोठ्या गाड्या येण्याच्या फार आधी आखलेल्या आहेत आणि झाडे तोडून त्या रुंद करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. मोटरहोम आणि ओढून नेण्याचा ट्रेलर यांच्या मर्यादा बहुधा वेगवेगळ्या दिलेल्या असतात, त्याही पाहाव्यात. सहा जणांना २५ फुटांच्या आसपासची गाडी थोडी दाटीची होईल, पण मुले चालकाच्या डोक्यावरच्या माळ्यावर आनंदाने झोपतात आणि मागचा पलंग आई-बाबांना देता येतो.

परवान्याची काळजी नसावी. कॅलिफोर्नियात ४० फुटांपर्यंतचे मोटरहोम आपल्या नेहमीच्या परवान्यावर चालवता येते. मात्र गाडी चालू असताना सर्वांनी पट्टा बांधून बसलेच पाहिजे. आई थकली म्हणून तिला मागच्या पलंगावर आडवे होऊ देऊ नये. गाडीची उंची किती आहे, हे एका चिठ्ठीवर लिहून ती चालकासमोर चिकटवावी, कारण पार्किंगच्या इमारती आणि खाली आलेल्या फांद्या यांच्याशी गाठ पडते तेव्हा ती आठवण्याइतका वेळ मिळत नाही.

योसेमिटीविषयी स्पष्टच लिहितो. उद्यानाच्या आतील कॅम्पग्राउंडांत हूकअप, म्हणजे वीज-पाण्याची जोडणी, मिळत नाही आणि जनरेटर केवळ ठरावीक तासांत लावता येतो. पहिल्यांदाच आरव्ही चालवणाऱ्याने घाटाचा रस्ता चढून, थकलेल्या वडीलधाऱ्यांसह अशा ठिकाणी पोहोचावे आणि दुसऱ्या दिवशी टाहोकडे निघावे, यात आई-बाबांच्या वाट्याला फक्त प्रवास येईल. योसेमिटी त्यांना अवश्य दाखवा, पण ती सहल वेगळी करा आणि मुक्काम हॉटेलात ठेवा. आरव्हीची पहिली सहल घरापासून दीड तासाच्या आत, एकाच जागी, किमान दोन रात्रींची असावी. गाडी एकदा उभी करून पातळीत आणली, जोडण्या केल्या आणि बाहेर खुर्च्या मांडल्या, की खरे राहणे सुरू होते. रोज तो संसार गुंडाळावा लागला तर त्यातले काहीच हाती लागत नाही.

हाफ मून बेची आपली निवड मला मनापासून आवडली. तेथील स्टेट बीचवरचे फ्रान्सिस बीच कॅम्पग्राउंड समुद्राला इतके लगटून आहे, की रात्री लाटांचा आवाज अंथरुणात ऐकू येतो, आणि जवळूनच किनाऱ्याची डांबरी, सपाट पायवाट जाते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला समुद्राच्या कडेने हवे तेवढे चालता येईल आणि थकल्यावर परत फिरता येईल, अशा वाटा आपल्या भागात फार थोड्या आहेत. थोड्याच जागांवर वीज मिळते, त्यामुळे जागा निवडताना ते तपासून घ्यावे. जुलैत तेथे दिवसभर धुके असते आणि लोकरीची टोपी लागते. सप्टेंबर आणि ऑक्टोबर हे तिथले खरे उन्हाचे महिने आहेत. ऑक्टोबरातील शनिवार-रविवार मात्र टाळावेत, कारण भोपळ्यांच्या शेतांसाठी आणि उत्सवासाठी लोटणाऱ्या गर्दीने ९२ क्रमांकाचा रस्ता तासन्‌तास तुंबतो, आणि त्या चढावर मोठी गाडी थांबत-थांबत नेणे नवख्याला जड जाते. पाण्याविषयी एक सावधगिरी सांगतो. हा समुद्र कोकणातला नाही. तो उन्हाळ्यातही गारठवणारा असतो आणि अचानक मोठी लाट आत येते. मुलांनी पाठ वळवून पाण्यात उभे राहू नये.

आता स्वयंपाक. जोडणी ३० अँपिअरची असेल तर १२० व्होल्टवर एकूण ३,६०० वॉट मिळतात. छतावरचा एसी, मायक्रोवेव्ह आणि विजेचा प्रेशर कुकर एकाच वेळी लावले तर फ्यूज उडण्याची वेळ येते. म्हणून कुकर लावताना एसी बंद ठेवावा. भारतातून आणलेला २३० व्होल्टचा मिक्सर या जोडणीवर चालणार नाही, त्यामुळे वाटण घरूनच करून न्यावे. फोडणी शक्यतो बाहेर, टेबलावरच्या गॅसच्या शेगडीवर द्यावी. आत दिलेल्या फोडणीने धुराची घंटा वाजते आणि वास गादीत मुरतो. सर्वांत आधी भरते ती सांडपाण्याची, म्हणजे ग्रे टाकी, कारण आपण भांडी वाहत्या पाण्याखाली धुतो. तेलकट ताटे आधी कागदाने पुसून घ्यावीत आणि परातीत थोड्या पाण्यात विसळावीत. परतताना डंप स्टेशनवर, म्हणजे टाक्या रिकाम्या करण्याच्या ठिकाणी, प्रथम शौचालयाची टाकी आणि मागाहून ग्रे टाकी रिकामी करावी, म्हणजे दुसऱ्या पाण्याने नळी धुतली जाते. हातमोजे सोबत ठेवावेत. हे काम ऐकायला किळसवाणे वाटते, पण दहा मिनिटांत होते आणि मुलांकडूनही शिस्तीत करून घेता येते.

राज्याच्या उद्यानांत जनरेटर सकाळी १० ते रात्री ८ या वेळेतच लावता येतो आणि रात्री १० ते सकाळी ६ शांतता पाळावी लागते. आपली मंडळी सकाळी पाचला उठून चहा मांडतात, त्यामुळे विजेची जोडणी नसेल तर तो गॅसवरच करावा लागेल, हे आईंना आधी सांगून ठेवावे.

आपला,
फ्रीमाँटहून

———

प्रेषक: ओकलंडच्या एक सभासद

नमस्कार,

वरील पत्रातील जवळजवळ सर्व सल्ल्यांशी मी सहमत आहे. मात्र पहिल्या सहलीसाठी मी हाफ मून बेऐवजी ईस्ट बे रीजनल पार्क्सचे अँथनी शबो कॅम्पग्राउंड सुचवेन. कॅस्ट्रो व्हॅलीच्या वरच्या डोंगरात, निलगिरीच्या झाडांत ते वसलेले आहे, खाली तलाव दिसतो, आणि तेथील काही जागांवर वीज, पाणी व सांडपाणी अशा तिन्ही जोडण्या आहेत. माझ्या सासूबाईंना मधुमेह आहे आणि इन्सुलिन फ्रिजमध्येच ठेवावे लागते, त्यामुळे पक्की वीज आणि शहर हाताशी असणे हे माझ्यासाठी समुद्राच्या आवाजापेक्षा मोलाचे ठरले. निलगिरीचा वास आला, तेव्हा त्यांना उटीची आठवण झाली आणि त्या दोन दिवस त्याच झाडाखाली बसून होत्या. लिव्हरमोरजवळचे डेल व्हॅलेही सुंदर आहे, पण तेथील काही जागांवर पाणी आणि सांडपाण्याची जोडणी असली तरी वीज नाही, आणि सप्टेंबरात तिथे ऊन कडक असते; वडीलधाऱ्यांना तिकडे वसंतात न्यावे.

जुन्या याद्यांवर विसंबू नये, हेही सांगते. ॲप्टॉसच्या सीक्लिफ बीचवर समुद्राच्या भिंतीलगत आरव्ही उभी करण्याची जी जागा होती, ती जानेवारी २०२३च्या वादळांनी उद्ध्वस्त केली. बिग बेसिनचे जंगल ऑगस्ट २०२०च्या आगीत होरपळले. इंटरनेटवरील कितीतरी लेखांत मात्र या दोन्ही ठिकाणांची जुनी वर्णने तशीच आहेत.

बाबांना रेडवुड दाखवायचे असतील, तर सांताक्रूझच्या डोंगरातल्या उद्यानांत ताट-वाटीतला कणही खाली सांडू देऊ नये, असा तेथील नियम आहे आणि तो मुलांना आवर्जून समजावून सांगावा. मार्बल्ड मरलेट नावाचा समुद्रपक्षी तेथील जुन्या झाडांच्या उंच फांद्यांवर अंडी घालतो. माणसांच्या उष्ट्यावर वाढलेले ‘जे’ नावाचे निळे पक्षी आणि डोमकावळे ती अंडी आणि पिल्ले खातात, म्हणून शेव-चिवड्याची सांडलेली मूठही त्या पक्ष्याला महागात पडते. तसेच सरपण घरून नेऊ नये. कॅम्पग्राउंडवरच विकत घ्यावे, कारण लाकडाबरोबर झाडांचे रोग आणि किडे एका जंगलातून दुसऱ्यात जातात.

आपली,
ओकलंडहून

———

प्रेषक: सनीव्हेलचे एक सभासद

दोघांचेही मनःपूर्वक आभार. काल रात्री सातारला फोन करून दोन्ही पत्रे बाबांना वाचून दाखवली. योसेमिटीचा बेत मोडल्याचे त्यांना जराही वाईट वाटले नाही. समुद्र अंथरुणातून ऐकू येतो का, हे त्यांनी दोनदा विचारले. आईचा कौल मात्र शबोच्या बाजूने आहे, कारण तिला पक्की वीज आणि पहाटेचा चहा हवा आहे. म्हणून सप्टेंबरात दोन रात्री शबोला राहून आधी हात बसवायचा आणि नंतर मधल्या वारी फ्रान्सिस बीचला जायचे, असे ठरले. गाडी २५ फुटांची घेऊ, आणि तीही दोन्हीकडच्या जागा हाती आल्यावरच. राज्याच्या उद्यानांची आरक्षणे सहा महिने आधी सकाळी ८ वाजता उघडतात, हे मला पत्नीकडून कळले. आज मार्चची १२ तारीख आहे आणि आम्हाला हव्या असलेल्या दिवसांच्या जागा येत्या मंगळवारी उघडतील. त्या सकाळी आम्ही दोघेही आपापल्या संगणकासमोर बसणार आहोत. विजेच्या जोडणीच्या जागांपैकी किनाऱ्याला सर्वांत जवळची कोणती, हे कोणी तिथे राहून आले असेल तर सोमवार रात्रीपूर्वी जरूर कळवावे.