न उच्चारलेला शेवट आणि अवयवांची फोड

फ्रेंच भाषेतील ‘पार्ले’ (बोलणे) या क्रियापदाच्या तृतीय पुरुषी अनेकवचनाअखेरीस लिहिलेली ई-एन-टी ही अक्षरे वाचायची की नाहीत, असा प्रश्न पडतो. ती वाचायची नाहीत. ‘तो बोलतो’ आणि ‘ते बोलतात’ या दोन्ही अर्थांची रूपे लेखनात वेगळी असली, तरी दोहोंचा उच्चार एकाच अवयवाचा (अवयव म्हणजे शब्दाचा एका झटक्यात उच्चारला जाणारा तुकडा), म्हणजे ‘पार्ल’ असा होतो, आणि सर्वनामही दोन्हीकडे ‘इल’ असेच ऐकू येत असल्याने वचन केवळ संदर्भावरून ओळखावे लागते.

क्रियापद स्वराने सुरू होत असेल, तर मात्र चित्र पालटते. ‘एमे’ (प्रेम करणे) या क्रियापदाचे एकवचन ‘इ-लेम’ असे फोडले जाते, तर अनेकवचनात सर्वनामाचा एरवी मुका असलेला एस जागा होऊन ‘झाड’मधील झसारखा ध्वनी पुढच्या अवयवाला चिकटतो आणि ‘इल-झेम’ असे ऐकू येते. परीक्षेतील श्रुतलेखनात नेमके येथेच गुण जातात!

लेखी फोड वेगळ्या नियमांनी चालते. ‘आपले’ (हाक मारणे) याचे प्रथम पुरुषी अनेकवचन कागदावर तीन अवयवांचे असले, तरी मधला क्षीण स्वर गळून बोलताना ते ‘आप-लों’ असे दोनच अवयवांचे उरते; आपणही ‘करतो’ हे ‘कर-तो’ असेच उच्चारतो. अभिजात छंदोबद्ध काव्यात मात्र व्यंजनापूर्वी येणारा असा क्षीण स्वर मोजला जातो.