रेंज एसीपेक्षा वेग जास्त खातो

इलेक्ट्रिक गाडीत एसी लावला की रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये कापता येणारं अंतर, निम्मी होते, असं कुणीतरी म्हटलंय. ते काही पटत नाही. केबिन एकदा गार झाली की एसी साधारण एक-दीड किलोवॅट घेतो. हायवेवर १०० च्या वेगाला गाडी ओढायलाच पंधराएक किलोवॅट लागतात. हां, ट्रॅफिकमध्ये तासभर अडकलात तर एसीचा वाटा डोळ्यांत भरतो, कारण वीज जात राहते आणि अंतर कापलं जात नाही.

खरा खादाड वेग. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ८० वरून ११० वर गेलात की जवळपास १.९ पट! म्हणून तर ही गाडी शहरात जास्त पळते, शिवाय ब्रेक लावताना थोडी वीज परत मिळते. (बॅटरी १०० टक्के भरलेली असेल तर ती घ्यायला जागाच नसते, हे वेगळं.)

कडाक्याच्या थंडीत मात्र हीटर चांगलाच महागात पडतो, कारण इंजिनाची फुकटची उष्णता इथे नाही. टायरमधली हवाही बघत जा.

आणि डॅशबोर्डवरच्या उरलेल्या किलोमीटरपेक्षा दर किलोमीटरला किती वॅट-तास वीज जाते, ते बघा.