'शोधपरिणाम जतन करणे'ला सोपा शब्द?

उद्यमनगरकर: कास्टिंगच्या ड्रॉइंगच्या फायली शोधून त्यांच्या नावांची यादी एका फाइलीत ठेवणारी, पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेतली स्क्रिप्ट आहे. कारखान्यातल्या पोरांसाठी तिचं मराठी टिपण करतोय. 'सर्च रिझल्ट सेव्ह करणे'ला काय लिहू? 'शोधपरिणाम जतन करणे' वाचून पोरं हसतील.

मंगळवारपेठ: हसणारच की लगा! निकाल म्हणशील तर तो दहावीचा, नाहीतर खासबागेतल्या कुस्तीचा. 'सापडलेल्या फायलींची यादी लिहिणे' लिही आणि मोकळा हो.

शाहूपुरीकर: यादी पटली. 'लिहिणे' मात्र पुरत नाही. पर्लमध्ये फाइल '>' ने उघडली की आतलं जुनं सगळं जातं. '>>' ने उघडली की जुन्याखाली भर पडते. 'जतन'मध्ये हा फरक बुडतो, वर जुनी यादी पुसणाऱ्या कामाला जतन म्हणायचं! दुसऱ्या प्रकाराला कीर्दीतलं 'मागील पानावरून पुढे' चपखल बसतं. गुळाच्या अडतीवर बसलेल्याला वेगळं सांगावं लागणार नाही.

उद्यमनगरकर: मग पहिल्याला 'नव्याने लिहिणे' चालेल का काका?

शाहूपुरीकर: नको. पुसणं लिहिताना होत नाही, उघडतानाच होतं. शोधात एकही फाइल सापडली नाही तरी जुनी यादी गेलेलीच असते. म्हणून क्रियापद 'उघडणे'च धरा: 'कोरी करून उघडणे' आणि 'पुढे लिहायला उघडणे'. शिवाय 'शोध सुरू करण्याआधी एकदाच' हे शब्द टिपणात हवेतच. फायली शोधून देणारं पर्लचं फाइल-फाइंड मॉड्यूल सापडलेल्या प्रत्येक नावासाठी आपलं फंक्शन बोलावतं. त्या फंक्शनात '>' ने उघडलं तर दर खेपेला पाटी कोरी. त्यात ते मॉड्यूल एरवी स्वतःच एकेका फोल्डरात शिरतं, त्यामुळे नुसतं 'यादी' नाव दिलं असेल तर फोल्डरागणिक वेगळी यादी तयार होते, आणि प्रत्येकीत शेवटचं एकच नाव. यादीच्या फाइलीच्या नावाआधी तिच्या फोल्डरचा पूर्ण पत्ता द्यायला सांगा.

मंगळवारपेठ: काका, नाद खुळा! क्लोजला मग 'मिटणे' का?

शाहूपुरीकर: 'बंद करणे' सगळ्यांना कळतं, तेच ठेवा. फक्त तिथं एवढं लिहा, की बंद करेपर्यंत काही ओळी मेमरीतच थांबलेल्या असू शकतात. स्क्रिप्ट चालू असताना यादी उघडून 'अर्धीच आली' म्हणून बोंबलू नये.