पटॅप्स्को व्हॅलीत एकाच दिवशी आजी-आजोबा आणि माउंटन बाइक, जमेल का?

कोलंबियाकर_सून:
नमस्कार मंडळी. आम्ही मेरीलँडला, कोलंबियात राहतो. सासू-सासरे कराडहून आलेत, ऑक्टोबरअखेरपर्यंत आहेत. सासरे रेल्वेत गार्ड होते, वय ७४, अजून माझ्यापुढे चालतात. सासूबाईंचा एक गुडघा मात्र कुरकुरतो. चिरंजीव १४ वर्षांचे. वाढदिवसाची माउंटन बाइक आतापर्यंत फक्त कॉलनीच्या फुटपाथवर फिरलीये, आणि 'खऱ्या ट्रेलवर कधी?' हे मी रोज ऐकतेय. नवरा म्हणतो, पटॅप्स्को व्हॅली स्टेट पार्कला सगळेच जाऊ. नकाशा उघडला तर ते पार्क नदीकाठाने ३२ मैल पसरलेलं! आत शिरायचं कुठून? आणि सासूबाईंना डब्यासकट बसवायचं कुठे?

दरीकाठची:
कॅटन्सविलला राहून मला १९ वर्षं झाली, त्यातली निम्मी या जंगलात गेली असतील. आधी स्पष्ट सांगते: सगळ्यांना एका वाटेवर न्यायचा हट्ट सोडा. आम्ही तो केला होता. आई एका दगडावर, मुलगा डोंगरावर आणि मी मधल्या मध्ये घामाघूम.

आजी-आजोबांना पार्कच्या ॲव्हलॉन भागात न्या, आणि दहाच्या आत. सुट्टीच्या दिवशी पार्किंग भरलं की दारातूनच परत पाठवतात. जवळच थॉमस व्हायाडक्ट आहे, सासऱ्यांना आधी तो दाखवा. आठ दगडी कमानींचा रेल्वेपूल, तोही वळणावर, १८३५ साली पुरा झालेला. म्हणजे बोरीबंदर-ठाणे गाडी सुटायच्या १८ वर्षं आधी! आजही त्याच्यावरून मालगाड्या आणि वॉशिंग्टनची लोकल जाते.

मग गाडीनेच पुढे ऑरेंज ग्रोव्हला जा. तिथे नदीवर झुलता पूल आहे. माझी आई त्याला 'अमेरिकेतला साकव' म्हणायची. पलीकडे पूर्वी मोठी पिठाची गिरणी होती, १९०५ साली जळाली. कामगार अलीकडे राहायचे आणि पुलावरून कामाला जायचे. पूल ओलांडला की ग्रिस्ट मिल ट्रेल. डांबरी, सपाट, एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला रेल्वेचे रूळ. गुडघा म्हणेल तिथून मागे फिरायचं. वरच्या अंगाला जिथे ब्लीडी धरण होतं तिथपर्यंत गेलात तर उत्तम. त्या धरणाचं वीजघर धरणाच्या पोटातच होतं. २०१८ साली सुरुंग लावून ते धरणच फोडलं, आणि समुद्रातून अंडी घालायला वर येणाऱ्या माशांची वाट मोकळी झाली. मला भिंत पाहायची सवय होती, पहिल्यांदा नुसतं वाहतं पाणी पाहिलं तेव्हा जागाच ओळखू येईना.

कॅस्केड फॉल्सची पायवाट पुलाच्या अलीकडूनच निघते. ठोसेघर पाहिलेल्या माणसांनी तिथे हसू नये एवढीच विनंती. दगड निसरडे आहेत, सासूबाईंना नको.

मुलाला मात्र नवऱ्याबरोबर वर शेजारच्या रॉकबर्न ब्रँच पार्कला पाठवा. तिथे सायकल शिकणाऱ्यांसाठी मातीचे उंचवटे, लाकडी फळ्या असं सगळं केलेलं आहे. तासभर तिथे घासलं की मॉर्निंग चॉइस ट्रेल. नदीकडे उतरू नका. उतरताना मजा येते, पण तेवढंच सगळं परत चढायचं असतं, हे १४व्या वर्षी कळत नाही. (४८व्या वर्षीही कळलं नव्हतं.) आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर बेत रद्द. ओल्या मातीत चाकांच्या चऱ्या पडतात, त्या बुजवायला स्वयंसेवक रविवार खर्च करतात. शिवाय ओल्या मुळांवर चाक असं सटकतं की काय सांगू. माझं मनगट पावसाची वर्दी अजून देतं.

मुक्काम_बॉल्टिमोर:
ताईंचं सगळं बरोबर, दोन गोष्टींची भर. एक, गोचीड. इथली तिळाएवढी असते आणि तिच्यापासून लाइम रोग होतो. पँट मोज्यांत खोचा, घरी आल्यावर गुडघ्यांच्या मागे, कानांमागे नीट बघा. थंडी पडली म्हणून गाफील राहू नका. दोन, पॉयझन आयव्ही. एका देठाला तीन पानं दिसली की हात लावायचा नाही, आठवडाभर खाजवत बसाल. आणि हो, पायी चालणाऱ्याला सायकलवाल्याने वाट द्यायची, घोडा आला तर दोघांनी.

दरीकाठची:
हेल्मेट राहिलंच. १६च्या आतल्यांना इथे कायद्यानेच सक्ती आहे, वाद घालू देऊ नका.

कोलंबियाकर_सून:
जाऊन आलो! सासूबाई साकवावर मधोमध उभ्या राहिल्या आणि आम्हालाच हलू नका म्हणाल्या. ग्रिस्ट मिलवर लाल झालेली तीन पानं बघून "अगं, बेल!" म्हणत हात पुढे केला, तो मी हवेतच धरला. मुक्काम_बॉल्टिमोर, तुमचे आभार.

सासरे व्हायाडक्टपासून हलेचनात. पाऊण तासाने मालगाडी आली. त्यांनी डबे मोजायला घेतले, साठाच्या पुढे घोटाळा झाला. पण हळहळले ते वेगळ्याच गोष्टीवर. शेवटच्या डब्यावर नुसता लाल दिवा लुकलुकत होता, गार्डाचा डबाच नाही. "मग हिरवी झेंडी कोण दाखवतं?" असं घरी येईपर्यंत तीनदा विचारलं.

चिरंजीवांचं कोपर सोललंय. शनिवारी परत जायचंय म्हणतात.